घूं, कढीपत्ता आणि नानांचा दम

वैशाख लागला की मी घरातल्या घरात कानोसा घेत फिरते. आधी फ्रीजपाशी, मग इन्व्हर्टरपाशी, मग मुलाच्या खोलीतल्या स्पीकरपाशी. भिंतीला कान लावून उभी राहिलेली बायको पाहून आमचे हे पहिल्या वर्षी घाबरले होते. आता पेपरातून डोकंही वर न काढता विचारतात, "सापडली का?" मी म्हणते, "नाही." मग ते "चला, हेही वर्ष पार पडलं" म्हणतात आणि पान उलटतात.

मी शोधत असते ती घूं. साऊंडवाले तिला हमिंग म्हणतात. बंद खोलीत भुंगा अडकावा तसा एकाच सुरातला, न थकणारा आवाज. आताच्या पोरांना तो ठाऊकही नसेल. खिशातून मोबाईल काढतात, लाल बटण दाबतात आणि कोकिळेपासून कुकरच्या शिट्टीपर्यंत सगळं लख्ख उतरवून घेतात. आमच्या वेळी आवाज कॉम्प्युटरमध्ये जायलाच तयार नसायचा, आणि गेला तर सोबत दहा सगेसोयरे घेऊन जायचा.

मी धुळ्याला दिलेली जळगावची लेक. दोन्ही गावांचं ऊन डोकं फोडणारंच, पण पेपरात जळगावचा पारा धुळ्याच्या वर गेलेला दिसला की मला उगाच माहेर जिंकल्यासारखं वाटतं. कूलर सुरू केला की वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा वास येतो आणि मी सरळ जुन्या जळगावातल्या आमच्या मागच्या खोलीत जाऊन पोचते. गच्चीवर आईच्या कुरडया वाळताहेत, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतंय, यावलकडून केळीचे ट्रक येताहेत, आणि खोलीत दादा कमरेवर हात ठेवून कॉम्प्युटरकडे असा बघतोय की जणू त्याने दादाचा भर बाजारात अपमान केला आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मागच्या खोलीत माझा कॉम्प्युटर क्लास होता. क्लास म्हणजे एक कॉम्प्युटर आणि त्याच्यासमोर पाळीपाळीने बसणाऱ्या सहा मुली. उरलेली खोली माझ्या थोरल्या भावाची. दादाचा साऊंडचा धंदा. भोंगे, ॲम्प्लिफायर, दोन कॅसेट डेक, आणि एका डेकवरचं गाणं अलगद दुसऱ्या डेकवरच्या गाण्यात सरकवायला मधे मिक्सर. डीजे हा शब्द आमच्याकडे तेव्हा नुकताच आला होता. दादाने तो टेम्पोवर लाल रंगात रंगवून घेतला होता आणि आई शेजारणींना सांगायची की ही सरकारी परीक्षा आहे, मुंबईला देतात.

दादाची एकच हौस होती. आपण जमवलेली, एकातून दुसऱ्यात न कळत शिरलेली गाणी कॉम्प्युटरमध्ये उतरवून ठेवायची. कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलं की दर वेळी खरखर वाढते. चौथ्या कॅसेटला गाणं कमी आणि पापड भाजल्याचा आवाज जास्त. कॉम्प्युटरमध्ये तसं होत नाही, हे मीच त्याला सांगितलं होतं. मी सांगितलं म्हणून पुढचं सगळं निस्तरणंही माझ्याकडे आलं.

आणि निस्तरायला काय कमी होतं? पहिल्या दिवशी आवाज एकाच कानात. वायर बदलली. मग तो दोन्ही कानांत आला, पण फाटका. मी मिक्सरची वायर माइकच्या भोकात खुपसली होती, शेजारचं योग्य भोक सोडून. ते सुधारलं, तर ढोल आला की करकर. दादाला सवय लाल दिवा लागेपर्यंत आवाज चढवायची, आणि कॉम्प्युटरच्या दरबारात लाल झालं की आवाजाचं डोकं उडवलंच म्हणून समजा. मग दर पाच मिनिटांनी एक बारीक टक्. तो पडद्यावर आपोआप पोहायला येणाऱ्या स्क्रीनसेव्हरच्या माशांचा प्रताप निघाला. मासे बंद केले. एवढं झाल्यावर डिस्क भरली. मुलींनी टाइप केलेले 'माझी शाळा' नावाचे सहा निबंध मी पुसून टाकले. दादाला वाटलं तेवढ्याने बरीच जागा झाली. खरं तर त्या जागेत गाण्याची एक ओळही मावणार नव्हती.

असं गाडं रुळावर येत होतं, तेव्हा एका दुपारी नाना आले.

दुपारी दोनला जळगावात कुत्रंसुद्धा गटारीतून हलत नाही. अशा वेळी डोक्याला पांढरा रुमाल बांधून, बगलेत काळी पेटी धरून हा माणूस दारात उभा. रघुनाथ नाना म्हणजे बँडमास्तर. अकरा जणांचा बँड, आणि पुढे क्लॅरनेट वाजवणारे नाना. चाळीसगावापासून शिरपूरपर्यंत त्यांनी लग्नं वाजवली होती. उन्हाळाभर लग्नं आणि दिवाळीनंतर कापसाच्या जिनिंगमध्ये काम, असं त्यांचं वर्ष चालायचं. त्या रुईच्या धुळीने त्यांची छाती खाल्ली. डॉक्टरांनी फुंकणं बंद करायला सांगितलं होतं. बँडही तोवर मोडलाच होता, कारण दोन वर्षांत लोक डीजे सांगायला लागले होते. दादा उठून उभा राहिला, पण नानांच्या डोळ्याला डोळा देईना. एक टेम्पो गेला की अकरा माणसं घरी बसतात, हे त्यालाही कळत होतं.

नाना हसले आणि त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "घाबरू नको रे भाऊ, भांडाले नही उनू. काम लईसन उनू."

पाणी प्याले, रुमाल सोडला, आणि मग माझ्याकडे वळून त्यांनी काम सांगितलं. त्यांच्या सुनंदाचं लग्न ठरलं होतं. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर, तिसऱ्या दिवशी. "पोर शिरपूरले देल शे. ताई, गावन्या बठ्ठ्या पोरी मी वाजाडीसन वाटे लायात. आते मन्ही अंडेर जाई, तवय कोन वाजाडी?"

अंडेर म्हणजे लेक. गावच्या सगळ्या पोरी मी वाजवून वाटेला लावल्या, आता माझ्या लेकीला कोण वाजवणार, असं ते विचारत होते. अंडेर म्हणताना नानांचा आवाज जरा खाली उतरला.

पाठवणीच्या वेळी नाना एक चाल वाजवत. त्यांनी स्वतःच बांधलेली, बिननावाची. बँडवाले तिला 'नानांची पाठवणी' म्हणायचे. चाल काही फार रडकी नव्हती. तिचं वैशिष्ट्य शेवटी होतं. नवरी गाडीत बसली की नाना एक सूर धरत आणि गाडी वळणाआड होईपर्यंत सोडत नसत. गाडी वळली की एक छोटासा उतार, आणि क्लॅरनेट खाली. त्या सुराने नवरीला वळणापर्यंत सोबत केली, असं बाया म्हणायच्या. आता नानांचा दम एक कडवंसुद्धा पुरत नव्हता.

"तुन्हा मशीनमा तुकडा तुकडा जोडता येस म्हने," ते म्हणाले. "मी थोडं थोडं फुकसू. तू जोड."

मी दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "नाना, सुनंदाच्या लग्नाचा सगळा साऊंड माझा. आणि शेवटी तुमची पाठवणी." हे तो इतक्या घाईने म्हणाला की नानांना पुन्हा हसू आलं.

नवरीचा बाप म्हणून नानांना त्या दिवशी शंभर कामं असणार होती, छातीचं दुखणं होतं, हे सगळं खरंच. पण मला तेव्हा प्रश्न पडला होता की शेवटी टेपच वाजणार, मग कुणाची का असेना. आता माझी स्वतःची लेक बाहेरगावी शिकायला गेल्यावर तो प्रश्न पडत नाही. तिच्या डब्यातला लाडू दुकानचा असता तरी गोडच लागला असता, पण मी रात्रभर पाय दुखेस्तोवर उभी राहून रवा भाजलाच ना.

पहिल्या दिवशी आम्ही कूलर बंद केला, पंखा बंद केला, खिडकीला चादर लावली. खोलीची भट्टी झाली. नाना स्टुलावर बसले, क्लॅरनेटची पत्ती ओठांनी भिजवली आणि डोळे मिटले. सुनंदा दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन बसली होती. सडपातळ, गप्प मुलगी. ओठ न हलवता काहीतरी मोजत असल्यासारखी दिसायची. नंतर कळलं, ती खरंच मोजत असे. वडील एका श्वासात किती सूर काढतात ते लहानपणापासून मोजायची तिला सवय होती. आणि अलीकडे आकडा खाली येत चालला होता, म्हणून ती सवय आता भीती झाली होती.

नानांनी सुरुवात केली. एवढ्या म्हाताऱ्या छातीतून इतका ताजा आवाज निघतो, यावर माझा विश्वास बसेना. पडद्यावर हिरवी नक्षी उमटत गेली. पहिली ओळ, दुसरी, वर चढणारी तिसरी, आणि बरोबर तिच्या टोकावर खिडकीखाली ठण्णकन पातेलं पडलं.

आमच्या त्या खिडकीखालीच धुण्याभांड्यांचा दगड होता. आई तिथे भांडी घासायची. दगडाशेजारी तिचा लाडका कढीपत्ता, आणि कढीपत्त्यामागे भिंतीला लागून जमिनीत गेलेला एक लोखंडी पाइप. घर बांधल्यापासून त्या पाइपाकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

दादाने फर्मान काढलं. लग्न होईपर्यंत धुणंभांडी पुढच्या अंगणात.

"पुढे? रस्त्यावर?" आई म्हणाली. "माझी जळकी कढई गल्लीला दाखवू?"

"आई, नानांसाठी."

नानांचं नाव निघाल्यावर तिने कढई उचलली. तिच्या लग्नात नानांनीच वाजवलं होतं, तेव्हा ते बँडात नवे होते. फक्त एवढं म्हणाली, "आणि माझ्या कढीपत्त्याला पाणी?" तेव्हा नळाला तीन दिवसांआड पाणी यायचं. कढीपत्ता वाढला होता तो खरकट्या आणि साबणाच्या पाण्यावर. दादा म्हणाला, "आठ दिवसांनी काही मरत नाही तो." आणि आम्ही आमच्या हुशारीवर खूश झालो.

नाना मधे चार दिवस चाळीसगावकडे पत्रिका वाटायला गेले. परत आले, स्टुलावर बसले, वाजवलं. खोलीत चिटपाखरू नव्हतं. मी कौतुकाने ऐकायला म्हणून हेडफोन लावला, आणि नानांच्या सुरामागे ती उभी होती. घूं.

पुढचे दोन दिवस आम्ही त्या घूंच्या मागे असे लागलो की आता आठवलं तरी लाज वाटते. वायरी बदलल्या. डेक वेगळे केले. ट्यूबलाइट बंद केली, मग काढूनच ठेवली. कॉम्प्युटरचा पडदा मिक्सरपासून लांब सरकवला. शेजाऱ्यांचा फ्रीज बंद करायला लावला आणि त्यांचं दूध नासलं. कुणीतरी सांगितलं प्लग उलटा घाला, तो घातला. कुणी सांगितलं वायरींना चांदीचा कागद गुंडाळा, तो गुंडाळला. दादाने तर घराबाहेरच्या विजेच्या खांबाकडे बघून हात जोडले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! या काळात कॉम्प्युटरच्या पत्र्याला कोपर लागलं की मला झिणझिण्या येत होत्या. त्यावर मी शोधलेला उपाय काय, तर रबरी चपला घालून बसणे. समोर ताट वाढलेलं असावं आणि आपण हात धुवायला गावभर पाणी शोधावं, तसं ते होतं.

रोज संध्याकाळी आई म्हणायची, "कढीपत्त्याची पानं गळताहेत गं." आणि आम्ही म्हणायचो, "आई, इथे काय चाललंय आणि तुझं काय!"

दर वेळी काहीतरी बदललं की नानांना म्हणावं लागायचं, "नाना, एकदाच." त्या एकदाचं दोन दिवसांत सात वेळा झालं. नाना कधी नाही म्हणाले नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी हेडफोन कानाला लावून घूं लक्ष देऊन ऐकली आणि म्हणाले, "हाऊ सूर मन्हा नही शे. पन भलता पक्का शे, जराबी हालत नही." मग त्यांनी क्लॅरनेट तिच्याशी जुळवून वाजवून पाहिलं, तंबोऱ्यावर गावं तसं. आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी कुणी हसलं नाही. तिसऱ्या ओळीवर त्यांना खोकल्याची अशी उबळ आली की क्लॅरनेट मांडीवरून घरंगळलं. सुनंदाने पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

उबळ थांबल्यावर नाना म्हणाले, "तुन्ही मशीनले बी दमा शे का, ताई?"

ते घरी गेल्यावर मी पहिल्या दिवसाचा तुकडा लावून ऐकला, तो पातेलं पडलेला. मग त्या दिवशीचा सातवा. दोन्हींत फक्त घूंचा फरक नव्हता. नानांच्या छातीत जे थोडं उरलं होतं, ते आम्ही वायरी बदलण्यात खर्च करत होतो. दादाला मी हे बोलून दाखवलं. तो वायरींच्या गुंत्यात बसला होता. "आधी माणसाचं काम खाल्लं, आता दमही खातोय आपण," तो म्हणाला, आणि तोंड फिरवून चिमट्याने उगाच एक वायर सोलत राहिला.

दुसऱ्या दिवशी आखाजी. अक्षय तृतीयेला आमच्याकडे माहेरवाशिणी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि घरोघरी वारलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची नवी घागर भरून पूजतात. वर खरबूज, पुढे सांजोऱ्या. त्या सकाळी आईने आजोबांच्या नावाची घागर पूजली. नवी घागर आली की जुना माठ निघतो. त्यातलं पाणी फेकायचं तिच्या जिवावर आलं. ती माठ उचलून मागच्या दारी गेली. मी पाहिलं, पण लक्ष दिलं नाही.

दुपारी सुनंदा सांजोऱ्या घेऊन आली. मागोमाग नाना, पेटीशिवाय. मला समजायचं ते समजलं.

"ऱ्हाऊ द्या आते," नाना म्हणाले. "तुम्ही भलता जीव लाया. पन मन्ही छातीनी बी हद शे. तुमनी गानी लावा, पोर जाई."

मी म्हटलं, निदान झालंय तेवढं तरी सुनंदाला ऐकवू. कॉम्प्युटर सुरू केला. सवयीने माइक चालू केला, आणि हेडफोनमध्ये काहीच आलं नाही. मला वाटलं वायर निघाली. टिचकी मारली, टिचकी ऐकू आली. बाहेर पोरींचा झोका करकरत होता, तो ऐकू आला. नानांच्या छातीतली बारीक शिट्टी ऐकू आली. घूं नव्हती. मी कोपर पत्र्याला लावलं. झिणझिण्या नव्हत्या.

"दादा, तू काय केलंस?"

"मी कुठे काय केलं?"

आई सांजोऱ्यांची ताटली घ्यायला आत आली. आमची तोंडं बघून म्हणाली, "मी काही हात लावला नाही हो तुमच्या मशीनला. मी फक्त कढीपत्त्याला माठ ओतला."

मी धावत मागे गेले. भेगाळलेल्या काळ्या मातीत पाणी मुरत होतं, आणि ओल त्या लोखंडी पाइपापर्यंत पोचली होती. घराचं अर्थिंग होतं ते. खाली पट्टी, भोवती मीठ आणि कोळसा. घरातली भरकटलेली वीज तिथून जमिनीत मुरायची. त्याला ओल लागते. वीस वर्षं ती ओल आईच्या भांड्यांच्या पाण्याने दिली होती. आम्ही शांतता हवी म्हणून भांडी हलवली, उन्हाने चार दिवसांत माती कोरडीठाक केली, आणि मुरायला जागा न मिळालेली वीज नानांच्या सुरात जाऊन बसली.

"मी रोज सांगत होते, झाड वाळतंय," आई म्हणाली. "झाडाला तोंड नाही, पण मला तर होतं ना?"

आम्ही दोघे विद्वान खाली मान घालून आत आलो. मी नानांचे पाय धरायला वाकले. म्हटलं, सगळं नव्याने नको. एक ओळ वाजवा, पडून राहा. मग दुसरी. दोन दिवस आहेत.

नाना सुनंदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पेटी लई ये व माय."

त्या दोन दिवसांत आमच्या घरात नानांची खाट पडली होती. एक ओळ, मग खाटेवर. आई गूळपाणी द्यायची, आणि प्रत्येक तुकड्याआधी मोठ्या तोऱ्यात कढीपत्त्याला तांब्याभर पाणी घालून यायची, देवाला अर्घ्य द्यावं तसं. मी तुकडे जोडले. जोड दिसू नये म्हणून मधले श्वास कापून टाकले. पडद्यावर श्वास म्हणजे दोन डोंगरांमधली बारीक लव असते. ती निवडायची, पुसायची. साडेतीन मिनिटांची पाठवणी तयार झाली, काचेसारखी स्वच्छ. सुनंदाला ऐकवली. ती बोटांवर मोजत ऐकत होती. मधेच थांबली. घाबरल्यासारखी म्हणाली, "ताई, नाना दम कव्हय लेतस?"

मी सगळे श्वास परत घातले. एकेक शोधून, जिथला तिथे. ते काम तुकडे जोडण्यापेक्षा कठीण होतं, आणि आयुष्यात मी केलेल्या कामांत मला तेच सगळ्यात आवडतं.

राहिला शेवटचा सूर. किती लांब ठेवायचा? मी विचारलं तर नाना म्हणाले, "गाडी कितला टाइम लेई, ते मी आज कसं सांगू?" हे कॉम्प्युटरला कळणारं नव्हतं. ते दादाला कळलं. त्याने दोन कॅसेट करायला सांगितल्या. एकीवर पाठवणी आणि तिच्या शेवटी तो सूर, तुकड्याला तुकडा जोडून पुरेल तेवढा लांब. दुसरीवर फक्त उतार. एका डेकवरून दुसऱ्यावर कधी सरकायचं, ते तो त्या क्षणी बघणार होता. न कळत सरकवणं, हीच तर त्याची विद्या.

"त्या सुरात श्वास घालू का?" मी विचारलं.

नानांनी मान हलवली. "अठे नको. येवढी एक जागा मले दम लागाले नको."

त्या लग्नानंतर नाना तीन पावसाळे जगले. जिनिंगला परत गेले नाहीत. दादा लग्नांच्या साऊंडला जाताना त्यांना टेम्पोत पुढे बसवून न्यायचा. कुठलं गाणं कुठल्या सुरात शिरेल हे ते मागे न वळता सांगायचे. तो कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला. धुळ्यातल्या माझ्या मागच्या दारी मात्र आईच्या कढीपत्त्याचं रोप आहे, बरोबर अर्थिंगच्या पाइपाशेजारी लावलेलं. बिल्डरने सांगितलं होतं, ताई, इथे झाड नको. मी म्हटलं, झाड इथेच हवं.

पाठवणीच्या संध्याकाळी जीप नानांच्या दारातून निघाली, तेव्हा ऊन उतरलं होतं. दादा ओट्यावर डेक मांडून बसला होता, मी शेजारी. भोंग्यांतून नानांची पाठवणी सुरू झाली आणि गल्लीतल्या बाया पदर डोळ्याला लावायच्याही विसरून आधी नानांकडे बघायला लागल्या. ते मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. हात जोडलेले, ओठ मिटलेले. कॅसेटमधले नाना जिथे श्वास घ्यायचे, तिथे त्यांची छाती वर यायची.

शेवटचा सूर लागला. जीप हलली, आणि चार पावलांवर थांबली. कुणाची तरी आत्या ओटी भरायची राहिली म्हणून आडवी आली होती. सूर चालूच. ओटी भरली. पुन्हा हलली, पुन्हा थांबली. पुढे बैलगाडी होती. एवढा सूर कुठल्याही माणसाच्या छातीला झेपला नसता. जीपच्या मागच्या बाजूने सुनंदाचा चेहरा दिसत होता. ती मोजत होती, हे मला इतक्या लांबूनही कळलं. मोजता मोजता तिचा धीर सुटला आणि तिने गर्दीत नानांना शोधलं.

नानांनी उजवा हात वर केला. अकरा माणसांचा बँड मागे उभा असताना ते करायचे तसा, पंजा उघडा. माझा हात उतरेपर्यंत कुणी थांबायचं नाही, असा त्याचा अर्थ. दादाचं बोट मिक्सरवर, नजर त्या हातावर. त्या हाताचा हुकूम त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाळला.

जीपमधून सुनंदानेही हात वर केला. तिला वाटलं, नाना निरोप देताहेत.

जीप वळणाआड गेली. नानांचा हात लगेच खाली आला नाही. धूळ बसली, बाया घराकडे वळल्या, तरी हात वरच. दादाने सूर धरून ठेवला.